साडूंचं बास्क गाव

जगात कंटाळवाणी माणसं पुष्कळ आहेत. पण परमुलखातलं एक खेडं हाताशी धरून झूटरमेर या डच शहरातल्या साऱ्या मराठी मंडळींना वेठीला धरणारे माझे साडू एकटेच. मूळचे कोथरूडचे, पोटासाठी टिलबर्गच्या एका गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळणारे हे गृहस्थ एकदा सुट्टीत वाट चुकले, स्पेनच्या बास्क मुलखातल्या एका डोंगरी गावात मुक्कामाला राहिले आणि परतले ते थेट तिथले इतिहासाचार्य होऊन! तिथे घरावरून माणसाचं आडनाव पडतं, घराचं नाव दारावरच्या दगडात कोरतात, धाकटे मुलगे मेंढरं राखायला अमेरिकेत गेले, हे सगळं मी गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत, सायकलचं पंक्चर काढताना आणि एकदा तर दाढ ठणकत असतानाही ऐकलेलं आहे. स्वतःच्या लेकीच्या वाढदिवसाला, तिने केकवर सुरी टेकवली असताना, "थांबा, यावरून आठवलं," म्हणून त्यांनी तिथल्या चर्चच्या भिंतीवर चेंडू मारायच्या खेळाची कुळकथा काढली. मेणबत्त्या वितळून केकवर आल्या. लेक डचमध्ये काहीतरी पुटपुटली. अर्थ विचारायची गरज नव्हती. वर साडूंचा दावा असा, की "त्या गावातलं पोरगंसुद्धा मला ओळखतं."

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं तिथे गेलो. मी गेलो तो केवळ त्यांची फजिती बघायला, आणि गावाने मला निराश केलं नाही. कॉफीवाल्याने कॉफी दिली, ओळख दिली नाही. शाळेला कुलूप, निम्मी घरं सुट्टीवाल्यांना भाड्याने दिलेली. तरी साडू एका दारावरचं नाव दाखवून आम्हाला त्या घराण्याची कथा सांगू लागले, तोच आतून एक म्हातारी बाहेर आली. या महाभागाने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तिलाच तिच्या घराचा इतिहास ऐकवला! मला शरमेने कुठे तोंड लपवू असं झालं. म्हातारी मात्र हसली, त्यांचं मनगट धरून त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि बोलू लागली. आधी स्पॅनिश, मग कधीतरी नुसतीच बास्क. आणि जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ न दिलेले माझे साडू गुडघ्यांवर हात ठेवून, हूं हूं करत, ऐकत बसले.

परतताना गाडीत मी डिवचलं, "काय हो, इतिहासात काही भर पडली का?"

"बास्क सुरू झाल्यावर एक शब्द कळला नाही रे," ते म्हणाले. "नावं घेत होती, एवढंच समजलं. बऱ्याच दिवसांत तिला कुणी विचारलं नसावं."

मग ते खिडकीबाहेर बघत राहिले. डोंगर मागे पडले, सपाट रस्ता लागला, तरी गप्पच. आणि मला, चक्क मला, वाटू लागलं, या माणसाने आता काहीतरी सांगावं.