पाण्यातली गाठ

रविवार कारंज्याजवळ माझं रबरी मालाचं दुकान आहे. ऐंशी सालच्या सुमारास तिथं एक आडदांड माणूस हातमोजे घ्यायला आला. इगतपुरीकडच्या धरणावर पाठीला सिलिंडर बांधून तो बुड्या मारायचा, दरवाजांत अडकलेला गाळकचरा काढायचा. मी सगळ्यांत जाड जोडी पुढे केली. त्यानं खिशातल्या सुतळीला करकचून गाठ मारली, मोजे चढवले आणि सरळ माझ्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपात हात घातले!

"अहो, अक्कल आहे का? ते प्यायचं पाणी आहे!"

डोळे मिटून तो पाण्यातच गाठ सोडवत राहिला. सुटेना, तेव्हा मोजे काढून काउंटरवर आपटले. दुसऱ्या जोडीलाही तोच तमाशा. माझा पारा चढला.

"जाडच घ्या की! गाळातल्या पत्र्यानं हात कापला तर माझ्या नावानं बोंब माराल."

तो गर्रकन वळला. ओल्या हातानं त्यानं माझी कॉलर धरली.

"माझ्या जोडीदाराला सायबानं असलेच जाड दिले व्हते. खाली दोरात पाय गुतला, गाठ काय सुटली नाय. वर काढला तवा हाताला ओरखडा नव्हता त्याच्या!"

सगळ्यांत पातळ जोडी घेऊन तो गेला.

आजही पाण्यातल्या कामासाठी कुणी "जाडातले दाखवा" म्हणालं की माझं डोकं फिरतं. झाकण काढून मी पिंपच पुढे सरकवतो. आधी गाठ सोडवा म्हणतो.