कीपरचा शब्द

सामना सुरू होण्याआधी गव्हाणे गुरुजी दोन्ही संघांची नखं कापायचे. आधी आपल्या पोरांची, मग समोरच्यांची. बावीस पोरं पाय पसरून ओळीनं बसायची आणि खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पांढरी टोपी अशा वेषातला हा माणूस उकिडवा बसून ब्लेडनं एकेकाचे अंगठे नीट करायचा. बहुतेक पोरं अनवाणीच खेळत, तेव्हा वाढलेलं नख म्हणजे समोरच्याला जखम. पहिल्यांदा त्यांनी माझा पाय मांडीवर ओढून घेतला तेव्हा मी समोरच्या संघातला, शहरातला, नगरचा, म्हणून जरा ताठलो. मान वर न करता ते म्हणाले, "हलू नगो. नख तुझं हाय, पर नडगी माझ्या पोराची हाय."

गुरुजी तरुणपणी फौजेत होते. नगरच्या छावणीत फुटबॉल शिकले आणि नेवासा तालुक्यातल्या एका हायस्कुलात ड्रिलमास्तर झाल्यावर तो खेळ त्यांनी ज्वारीच्या मुलखात रुजवला. गावाबाहेरच्या माळावर पोरांकडून दगड वेचून घेऊन मैदान केलं. चुना फासलेले दोन वासे आणि वर आडवा ताणलेला सोल, म्हणजे जाड दोर, हा त्यांचा गोल. जाळी नव्हतीच. त्यामुळे चेंडू वाशाच्या आतून गेला की बाहेरून, यावर हमखास भांडण व्हायचं. गुरुजींनी त्यावर एक रीत घातली आणि हळूहळू आमच्या शाळेनंही ती मान्य केली. शंका आली की कीपरला विचारायचं आणि तो सांगेल ते धरायचं. "पंच लांब आसतो, कीपर जवळ आसतो. जवळच्यानं खरं सांगायचं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

ही रीत त्यांना महागही पडली. एका वर्षी नगरला उपांत्य सामन्यात त्यांच्या कीपरनं हात वर करून "आतनं गेला" असं आपल्याच विरुद्ध सांगितलं आणि आम्ही जिंकलो. आम्ही परत येताना त्या पोराला खुळ्यात काढलं. मी सगळ्यात जास्त हसलो, कारण आमचा कीपर मीच होतो.

पुढचं साल बाहत्तरच्या दुष्काळाचं. मी अकरावीत होतो. उपांत्य फेरीत पुन्हा तेच दोन संघ आणि या खेपेला सामना त्यांच्या माळावर. जिंकणारा अंतिम सामन्याला पुण्याला जाणार होता. त्यांच्यातल्या एकाही पोरानं पुणं पाहिलेलं नव्हतं आणि गुरुजी त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. पाहुण्या पोरांना घरोघर जेवायला वाटून द्यायची तिथली पद्धत होती. मी म्हादूच्या वाट्याला आलो. हा त्यांचा पुढच्या फळीतला, काटक, पाय विजेसारखे. त्याच्या आईनं माझ्या ताटात ज्वारीची भाकरी वाढली आणि म्हादूच्या ताटात मिलोची, रेशनवर मिळणाऱ्या त्या तांबड्या परदेशी ज्वारीची. मला फरक दिसला. मी जेवलो. जेवताना म्हादू म्हणाला, "आज तुला एक तरी घालनार बघ," आणि आम्ही दोघंही हसलो.

उत्तरार्धापर्यंत एकही गोल झाला नव्हता. माळावर फुफाटा असा उठला होता की मधल्या रेषेवरून गोल दिसेना. म्हादूनं डावीकडून मारलेला चेंडू माझ्या बोटांना चाटून वाशाच्या आतल्या अंगाला लागला आणि आत जाऊन मागच्या बाभळीत गेला. मी तो अगदी स्वच्छ पाहिला. पंच धापा टाकत आले. गुरुजी रेषेबाहेरूनच म्हणाले, "कीपरला इचारा." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "बाहेरून गेला."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही. म्हादू "आत हुता" म्हणत माझ्याकडे धावला तेव्हा गुरुजींनी त्याचं मनगट धरलं. "त्यो बाहेर म्हनतोय ना, मग बाहेर." शेवटच्या काही मिनिटांत आमचा गोल झाला आणि आम्ही जिंकलो.

पोरं मला खांद्यावर घेऊन नाचत होती. खाली उतरलो तेव्हा गुरुजी त्या वाशापाशी एकटेच उभे दिसले. आतल्या अंगाला चेंडू लागला होता तिथला चुना उडून लाकूड उघडं पडलं होतं. त्यांनी ते बोटानं चाचपलं. मग तळहातानं भोवतालचा सगळा चुना घासून काढला, ती खूण कुणाला ओळखू येणार नाही इतका. आणि सरळ माझ्याकडे येऊन हात पुढे केला. "चांगला खेळलास," म्हणाले. माझ्या तळहाताला चुना लागला. तो मी चड्डीला पुसला.

पुण्यात आम्ही पहिल्याच दिवशी हरलो. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढे मी नोकरीला लागलो, लग्न झालं, पण तो चुना काही सुटला नाही. पंधरा-सोळा वर्षांनी एकदा धीर करून गुरुजींच्या घरी गेलो. ओट्यावर बसले होते, नजर अधू झालेली. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला ठावं हाय. वासा मीच पुसला." मी विचारलं, का पुसलात? "पोरांनी ती खून बघितली आसती, तर उद्या कुनी कुनाचं ऐकलं आसतं? म्हादू रातभर रडला. त्याला म्हनलो, कीपर खोटं बोलत न्हाई. उभ्या जल्मात पोरांशी तेवढंच एक खोटं बोललो. मला काय सांगतोस, त्याला सांग. म्हंजी तूबी सुटशील आन् मीबी."

म्हादूचं सायकलचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर, एसटी स्टँडजवळ होतं. मी स्टँडवर गेलो आणि समोर लागलेल्या नगरच्या गाडीत बसलो.

त्यानंतर चार वर्षांनी गुरुजी गेले. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर गेलो. केस पांढरे व्हायला लागलेला एक माणूस शेजारी येऊन बसला. "वळखलं का? म्हादू. तुमी नगरचे कीपर ना? माझ्या घरी जेवला हुता." मग कावळ्याची वाट पाहता पाहता तो बोलत राहिला. माळावर अजून फुटबॉल चालतो, सकाळी तोच पोरांना शिकवतो, जाळी अजून नाही, पण गुरुजींची रीत मोडलेली नाही. "माझा धाकला कीपर हाय. त्याला तुमचंच उदाहरन देतो. म्हनतो, गुरुजी सांगायचे, कीपर खोटं बोलत न्हाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. गुरुजींचा पिंड समोर होता. आता तरी सांगायला हवं होतं, दोघांसाठी.

मी म्हणालो, "बरोबर आहे."