समुद्रावरून आणलेला मांडव

लोखंडाच्या बाबतीत आमच्या घरात मला मत नव्हतं. सोयरसंबंध, साड्या, पाहुण्यांना किती दिवस ठेवून घ्यायचं, यावर मी बोलत असे आणि ते ऐकलंही जाई. पण खिळ्यापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत जे जे लोखंडी, ते ते यांच्याकडे. यांची सगळी नोकरी एकलहऱ्याला वीज केंद्रात गेली. हातात लहानशी हातोडी घेऊन हे पाइपावर दोन टोले मारत, मान जरा तिरकी करून आवाज ऐकत आणि सांगत, हा राहू द्या, तो बदला. लोक म्हणे त्यावर पुन्हा विचारत नसत. घरीही तीच सवय. माठ, फरशी, नारळ, सगळं वाजवून घ्यायचं. मला बघायला आले तेव्हा हातोडी घरी विसरले होते म्हणून मी खपले, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि हे खूश व्हायचे.

माझी धाकटी बहीण कोकणात अगदी समुद्रकाठाला राहायची. तिच्या परसात लोखंडी पर्गोला होता. चार खांब, वर आडवे चौकोनी पाइप आणि त्यावर जाईचा वेल. मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलं तेव्हा तिने घर विकलं, आणि घेणाऱ्याला ते लोखंड नको होतं. "भंगारात देऊन टाकते," ती फोनवर म्हणाली. फोन स्पीकरवर होता आणि आवाज पूर्ण चढवलेला, कारण अलीकडे यांना फोनवरचं नीट ऐकू येत नसे.

"भंगारात? एवढा चांगला मांडव?" हे म्हणाले. पर्गोला हा शब्द यांच्या तोंडी कधी बसलाच नाही. आमच्या नाशिककडच्या माणसाला चार खांबांवर आडव्या पट्ट्या दिसल्या की तो मांडवच, वर वेल द्राक्षाचा असो की जाईचा.

"दाजी, खाऱ्या वाऱ्यातलं लोखंड आहे ते. वरून बरं दिसतं एवढंच."

"आमच्याकडे कुठे आलाय खारा वारा? इथल्या कोरड्या हवेत नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकेल."

नातवंडं हा शब्द यांच्या तोंडून निसटला आणि बहिणीने घाईने टेंपोच्या भाड्याचा विषय काढला. मुलीला सातवा लागत आला होता. मागच्या खेपेला चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यानंतर तीन वर्षं आमच्या घरात लहान मुलांचा विषय कोणी मोठ्याने काढत नव्हतं. या वेळी सगळं नीट चाललं होतं, तरी मी देवापुढेसुद्धा दबक्या आवाजातच बोलत असे. यांनी मात्र ठरवून टाकलं. डोहाळजेवण आपल्या परसात करायचं, मांडवाखाली, फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर लेकीला बसवून. चार दिवसांनी हे स्वतः कोकणात जाऊन मांडव सोडवून आले आणि टेंपो दारात उभा राहिला.

लोखंड घासलं, त्यावर लाल प्रायमर चढवला, मग काळा रंग. आठ दिवस आमच्या जेवणाला टर्पेंटाइनचा वास होता. मग दिंडोरीकडून यांच्या ओळखीचा माणूस आला. द्राक्षबागांचे मांडव उभे करणं हाच त्याचा धंदा. त्याने वरचा मधला मोठा पाइप खांद्यावर घेतला आणि थबकला.

"सायेब, ह्यो हलका लागतोय."

"वाजवून घेतलाय मी," हे म्हणाले.

"मंग विषयच नाय," असं म्हणून तो शिडी चढला.

मी दारात उभी होते. मीसुद्धा मान डोलावली. यांनी वाजवलं म्हणजे झालं, हे मानणाऱ्यांत मी सगळ्यांत जुनी. कापायचं, वेल्डिंगचं काही काम नव्हतंच. नटबोल्टांवर सुटलेलं नटबोल्टांवर जोडलं, आणि मधल्या पाइपाला झोपाळ्याच्या साखळ्यांसाठी दोन क्लँप करकचून आवळले. संध्याकाळी हे त्या पाइपाला लोंबकळून दाखवू लागले. "उतरा खाली, वय काय तुमचं!" मी ओरडले. उतरले, हात झटकले आणि अशा नजरेने माझ्याकडे बघितलं की मला हसू आलं.

डोहाळजेवण रविवारी होतं. त्याआधीच्या मंगळवारी मी सकाळी कढीपत्ता काढायला परसात गेले. झाड उंच झालंय, म्हणून लोखंडी आकडी लागते. फांदी ओढताना आकडी सटकली आणि मधल्या पाइपावर आपटली. थप्. मी वर बघितलं. इतकी वर्षं संसार केल्यावर चांगलं लोखंड कसं वाजतं एवढं कोणालाही कळेल. मी शेजारच्या पाइपावर आकडी मारली. ठण्ण. मग खांबावर. ठण्ण. मग पुन्हा मधल्यावर, बरोबर दोन क्लँपच्या मध्ये. थप्. ओल्या पोत्यावर मारावं तसा आवाज. पाइपाच्या टोकांना बुचं नव्हती हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. कोकणातला इतक्या वर्षांचा पाऊस आणि खारी हवा आत शिरून बसलेली असणार. बाहेरून रंग कसा चकचकीत.

कढीपत्ता तिथेच टाकून मी यांना बोलावून आणलं.

"अहो, हा मधला पाइप जरा वाजवून बघता?"

"वाजवलाय की."

"माझ्यासाठी एकदा."

हे हातोडी घेऊन आले, शिडीच्या दोन पायऱ्या चढले, दोन टोले मारले, मान तिरकी केली. थप्, थप्. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. चेहऱ्यावर काहीही हललं नाही. नेहमीसारखं एक क्षण थांबले, मग म्हणाले, "ऐकलंस? ठणठणीत."

त्या क्षणाची भीती मला अजून नीट सांगता येत नाही. पाइप कुजलाय ही भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती यांच्या त्या शांत चेहऱ्याची होती. टीव्हीचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, विचारावं एक आणि उत्तर दुसरंच, हे सगळं मी वयावर टाकत आले होते. आता कळलं की ज्या कानावर यांची सगळी आब उभी होती, तो कान केव्हाच गेला होता. आणि हे शिडीवर उभे राहून मान तिरकी करत होते.

मी काय केलं? "बरं," म्हणाले आणि कढीपत्ता उचलून आत गेले.

बुधवारी मी स्वतःला समजावलं की आपल्याला यातलं काय कळतं. हे लोंबकळले तेव्हा पाइपाने वजन पेललंच की. गुरुवारी मुलीला फोन करून म्हटलं, "झोपाळा नको गं, खुर्चीवर बसवू तुला, आरामात." ती हसली. "आई, बाबा रोज झोपाळ्याचा फोटो पाठवतात. आणि तू ना, मी शिंकले तरी घाबरतेस." खरंच होतं ते. मागच्या खेपेपासून मी सगळ्यालाच घाबरत होते, त्यामुळे माझ्या भीतीला घरात काही किंमत उरली नव्हती. शुक्रवारी झोपाळ्याच्या फळीवर मला चिमूटभर तपकिरी भुकटी दिसली. वर बघितलं तर क्लँपपाशी रंगाला केसासारखी बारीक चीर गेलेली. हे आत फुलवाल्याशी फोनवर मोठ्याने बोलत होते, मोगराच हवा, शेवंती चालणार नाही. मी पदराने ती भुकटी पुसली. का पुसली, ते विचारू नका. रविवारपर्यंत काहीतरी सुचेल असं वाटत होतं. नाहीच सुचलं तर माझीच तब्येत बिघडली असं सांगून सगळा बेत हाणून पाडायचा, इथपर्यंत माझी तयारी झाली होती.

पण मुलगी शनिवारी सकाळीच आली. जावई गाडी लावत होते. मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायला म्हणून आत वळले, तेवढ्यात बाप-लेक घरातून सरळ परसात गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसलं. ती झोपाळ्यावर बसलेली, एक हात पोटावर, एक साखळीला, आणि पायाने हलकेच झोका घेत होती. हे समोर हाताची घडी घालून उभे. वरून बारीक तपकिरी भुकटी तिच्या खांद्यावर पडत होती आणि दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

मी धावत गेले ते आठवत नाही. माझाच आवाज आठवतो. "ऊठ! ऊठ आधी तिथून!"

ती दचकून उठली. मी तिला दंडाला धरून पार भिंतीपाशी ओढलं. हे माझ्यावर भडकले.

"अक्कल आहे का? अशा दिवसांत पोरीला घाबरवतात?"

"पाइप कुजलाय तो."

"वाजवलाय मी!"

"तुम्हाला ऐकू येत नाही!" मी ओरडले. "ऐकू येत नाही तुम्हाला. मंगळवारी माझ्यासमोर वाजवलात, थप् आवाज आला आणि तुम्ही ठणठणीत म्हणालात!"

हे मात्र यांना पूर्ण ऐकू गेलं. शेजारच्यांनाही गेलं असणार. मुलगी आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली. हे आत गेले. मला वाटलं, आता हे दिवसभर खोलीतून बाहेर यायचे नाहीत, उद्या बायका येतील तेव्हा काय सांगायचं. पण हे ड्रिल मशीन घेऊन आले. शिडी लावली. क्लँपच्या जवळ मशीन टेकवलं आणि दाबलं. लोखंडाला भोक पाडताना होतो तसला करकराट झालाच नाही. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. ते बाहेर काढल्याबरोबर भोकातून लाल-तपकिरी चुरा पडू लागला. यांनी मशीन शिडीवर ठेवून खाली ओंजळ धरली. ओंजळ भरली, सांडली, तरी तो पडतच राहिला.

"बाबा, उतरा," मुलगी म्हणाली. "बाबा!" यांनी वळून बघितलं नाही. तेव्हा ती जवळ गेली आणि यांच्या पायाला हात लावला. मग हे उतरले.

जावई तिला आत घेऊन गेले. आम्ही दोघंच परसात उरलो. हे धुण्याच्या दगडावर बसले, हात तसेच लाल. मग म्हणाले, "कोकणात सोडवतानाही वाजवला होता मी. काही कळलं नव्हतं. दोन वर्षं झाली, मला त्यातलं काहीच कळत नाही. पाइप दिसायला चांगला असला की ठणठणीत म्हणतो. आणि पोरगी बसायच्या आधी मीही घाबरलो होतो. म्हणून तर लोंबकळून बघितलं."

मला रडू आलं. मी यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "मला सांगायचं होतं. पण तुम्हाला काय वाटेल..."

"मंगळवारी कळलं तुला?"

"हो."

"आज शनिवार आहे."

मी मान हलवली.

यांनी माझ्याकडे वळून बघितलं. राग नव्हता, आवाजही चढवला नव्हता. "चार दिवस माहीत होतं तुला," हे म्हणाले, "आणि माझं मन राखायला तू पोरीला त्या झोपाळ्यापर्यंत जाऊ दिलंस?"

आणि तुम्ही दोन वर्षं गप्प बसलात त्याचं काय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. चार दिवस मी लेकीसाठी घाबरतेय असंच मला वाटत होतं. पण लेकीसाठी घाबरलेल्या बाईने मंगळवारीच पाना घेऊन ते क्लँप सोडवले असते. मी नवऱ्याला दुखवायला घाबरत होते, आणि ती भीती माझ्यात लेकीच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

डोहाळजेवण दुसऱ्या दिवशी घरातच झालं, पाटावर बसवून. फुलं सुंदर होती, बायकांनी गाणी म्हटली, झोपाळ्याचं कोणी विचारलं नाही. मुलीने वाटी उघडली तर पेढा निघाला आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. ओटी भरताना तिच्या खांद्याला हात लागला आणि माझी बोटं आपोआप तिथलं काहीतरी झटकायला लागली. तिथे काहीच नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही.