मामांच्या हाताला लागलेली कळ

विंचूमामांचं जेवण पुरं झालेलं आमच्या घरात क्वचितच कुणी पाहिलं असेल. पाटावर बसले, चित्राहुती घातल्या, पहिला भात कालवला, की दारात कुणीतरी उभं असायचं. "मामा आहेत का? घरात विंचू चावलाय." हातातला घास तसाच पानात ठेवून मामा उठायचे. तरुणपणी ज्या गोसाव्याने त्यांना विंचू उतरवायचा मंत्र दिला, त्याने नियमच तसा घालून दिला होता. हाक आली की उठायचं, एकदा उठलं की त्या दिवशी पुन्हा पानावर बसायचं नाही, आणि ज्याच्या घरी जाल तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. "विंचवाला माझ्या जेवणाची वेळ बरोबर कळते," असं पुटपुटत ते वहाणा शोधायचे. ते जन्मभर काटकुळे राहिले, याचं सगळं श्रेय कल्याणच्या विंचवांना.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून बहिणीकडे राहायचे. बंदरावर एका भाताच्या वखारीत दिवाणजी होते. पोत्यांच्या थप्प्या, खाली ओल, वर जुनी कौलं. विंचवांना याहून चांगलं बिऱ्हाड कुठलं मिळणार? वखारीतले हमाल, शहाडकडून येणारे गाडीवाले, मिठागरात राबणाऱ्या बायका, सगळ्यांना मामांचा दरवाजा पाठ होता. तेव्हा राणीचं राज्य होतं, आगगाडी धावत होती, तारा खणखणत होत्या, आणि विंचू चावला की सगळे मामांकडे धावत होते.

आणि मी? मी त्या घरातली नवी सून, सोळा-सतरा वर्षांचं एक अतिशहाणं कार्टं. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, ठाण्याच्या शाळेत शिकवायचे आणि शनिवारी घरी यायचे. रविवारी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ते मला सृष्टिज्ञानाचं पुस्तक वाचायला शिकवत. सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही हे समजल्यापासून तो माझ्याभोवती फिरतो, असं मला वाटायला लागलं होतं. चुलीवर दूध उतू जाई, आणि मी त्याला वाफेचं कारण सांगत उभी राही.

मामासासऱ्यांपुढे सुनेने तोंड उघडायचं नसतं. पण मामांनीच मला मुभा दिली होती. "घरात बोलायला एक माणूस नको का? ताई नुसती रागावते," म्हणायचे. मग काय, मी त्यांनाच माझा पहिला विद्यार्थी केलं. ग्रहणात मामा खाडीच्या पाण्यात छातीपर्यंत उभे राहून मंत्राचा जप करायचे. तसं केलं नाही तर मंत्र निस्तेज होतो म्हणे. मी त्यांना समई, नारळ आणि लिंबू मांडून ग्रहण समजावलं. त्यांनी मन लावून पाहिलं. लिंबू दोनदा स्वतः फिरवून बघितलं. म्हणाले, "फार छान समजावतेस गं. पण सावली पडते म्हणून पाण्यात उभं राहू नये, असं तुझ्या पुस्तकात कुठे लिहिलंय?" मी पुस्तक चाळलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.

विंचू उतरवताना मामांना बघणं हा एक सोहळाच असायचा. रोग्यासमोर मांडी घालून बसायचे. उजवा तळवा त्याच्या खांद्यापासून हळूहळू खाली आणायचे, ओठ हलत राहायचे. मधे थांबून विचारायचे, "कुठवर आली?" रोगी कण्हत म्हणायचा, "कोपरापर्यंत." पुन्हा तळवा वर, पुन्हा खाली. "आता?" "मनगटात आलीय, मामा." शेवटी कळ बोटाच्या टोकाशी यायची, मामा हात जमिनीवर झटकायचे आणि रोगी डोळे पुसत हसायचा. त्यानंतर मामांचा तळवा लालबुंद झालेला असे. घरी येऊन तो गार पाण्यात बुडवून ते बराच वेळ बसत.

"तुम्हाला का दुखतं?" मी एकदा विचारलं.

"कळ कुठून तरी जायला हवी ना. माझ्यातून जाते. तापलेल्या सुईसारखी लागते इथे, अंगठ्याखाली."

हे मी मास्तरांना सांगितलं. ते हसले. विंचवाची कळ बहुतेक वेळा आपोआपच ओसरते, म्हणाले. आणि धीर देणारं माणूस समोर बसलं की ती आधीच कमी वाटते. मंत्राचा काही संबंध नाही. "मग हे सिद्ध कसं करायचं?" मी विचारलं. ते बिचारे पेंगत होते. सहज म्हणाले, "कळ नसतानाही मामा उतरवतात का, ते बघायचं." ते झोपले. मी मात्र टक्क जागी झाले.

तो दिवस मी नीट निवडला. मामांना वालाचं बिरडं जीव की प्राण. सकाळी वाल सोलत बसले तेव्हा माझ्या डोक्यात सगळं नाटक तयार होतं. मामा पानावर बसले, बिरडं-भात कालवला, आणि मी मागच्या दारी लाकडांच्या राशीपाशी जाऊन किंकाळी फोडली. "विंचू! अगं आई गं, विंचू!"

मामा हातसुद्धा धड न धुता आले. माझं बोट मी पदरात घट्ट गुंडाळलं होतं. त्यांनी तळवा खांद्यापाशी धरला आणि ओठ हलू लागले. "कुठवर आली, सूनबाई?" मी दंडापर्यंत आणली. मग कोपरापर्यंत. कोपरापाशी जरा जास्तच विव्हळले. अभिनयाची हौस दाबून ठेवली होती ना इतके दिवस. मनगट, तळहात, बोट. मामांनी हात झटकला. त्यांच्या कपाळावर घाम होता, तळवा लाल झाला होता.

आणि मी पदर सोडला, बोट त्यांच्या नाकासमोर नाचवलं आणि खो खो हसले. "मामा, विंचू नव्हताच! मी खोटंच ओरडले!"

सासूबाई पळी घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मामा रागावतील, निदान शरमतील, अशी माझी तयारी होती. दोन्हींवर उत्तरं पाठ केली होती. मामा रागावले नाहीत. ते आपल्या तळव्याकडे बघत होते.

"मग मला काय लागलं, सूनबाई?"

या प्रश्नाचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. तरी शहाणपण कुठे गप्प बसतंय? मास्तरांचा आवाज काढून म्हणाले, "मनाचा खेळ असेल."

"असेल," मामा म्हणाले.

त्या दिवशी ते पुन्हा पानावर बसले नाहीत. विंचू नव्हता तरी उठणं खरं होतं. बिरडं सासूबाईंनी गाईला घातलं, आणि माझ्याशी त्या पुढे कितीतरी दिवस फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलल्या.

मला वाटलं, दोन दिवसांत मामा विसरतील. पण एका दुपारी तेच माझ्याकडे आले. "तुझ्या पुस्तकात शरीराचा धडा आहे म्हणालीस ना? वाच बघू." मी ज्ञानतंतूंचा धडा वाचला. ठेच लागली की खबर मेंदूकडे कशी जाते, मेंदू कशी आज्ञा देतो. त्यांनी दोनदा वाचून घेतला. मग तळवा उघडून माझ्यापुढे धरला. "सगळं पटलं गं. पण यात माझ्या हाताचं काहीच नाही." पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात पळाले. माझ्या आयुष्यात पुस्तकाची मला लाज वाटली ती तेव्हा पहिल्यांदा.

थोड्याच दिवसांनी मिठागरातली एक आगरी बाई आली, मामांच्या नेहमीच्या ओळखीची. हात सुजलेला, ओठ पांढरे. मामा जेवतच होते. उठले, तिच्यासमोर बसले, तळवा खांद्याशी नेला. आम्ही सगळ्या दाराआड उभ्या.

"कुठवर आली?"

"हाय तितंच हाय, मामा."

पुन्हा तळवा फिरला. पुन्हा तेच. मामांनी तळवा उलटा करून पाहिला. त्यांनी मान वळवली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "हाताला काही लागतच नाही गं." तक्रार नव्हती त्यात. आपल्या घरातलं काही सापडेनासं झालं की माणूस विचारतं ना, तू पाहिलंस का, तसे बोलले.

ती बाई त्यांचा हात धरून म्हणत होती, "तू नुसता हात ठेव रं मामा, मना बरा वाटंल." मामांनी हात काढून घेतला. "नाही बाई. तुला फसवल्यासारखं होईल."

सासूबाईंनी माझं मनगट धरून मला ओसरीवर ओढलं. "ये, ये ना बाहेर! तू शिकलेली ना? उतरव आता!" मी चिंचोका उगाळून डंखावर लावला, ओली फडकी बदलत बसले. माझ्याकडे सगळी खरी माहिती होती: ही कळ ओसरणार, काही वेळ लागणार. ती मी तिला सांगितलीसुद्धा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे तोंड उघडलं नाही. कळ ओसरली, पण दिवेलागणीपर्यंत ती बाई आमच्या ओसरीवर तळमळत होती. मामांच्या पुढ्यात इतका वेळ तळमळलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी मास्तर आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी पगडी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते." बरोबर होतं. मीही एकच गोष्ट बदलली होती. मंत्र तोच, तळवा तोच, विंचू तसलेच. बदलले होते ते मामा.

मग मला सुचला तो उपाय ऐकून तुम्ही हसाल. मी मामांपुढे जाऊन, डोळ्यांत पाणी आणून शपथेवर सांगितलं की त्या दिवशी विंचू खरोखरच चावला होता, माझं हसणं तेवढं खोटं होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "पहिलं खोटं फार छान बोलली होतीस. हे नाही जमलं."

त्यानंतर कुणी आलं की मामा हात जोडायचे आणि सरकारी दवाखान्याची वाट दाखवायचे. हळूहळू लोक यायचे थांबले. मामांचं जेवण रोज पुरं व्हायला लागलं. पहिला भात, मधला भात, ताकभात. सासूबाई चुलीपाशी बसून 'आणखी वाढ' म्हणत राहायच्या. मामा सावकाश जेवायचे, आणि दारात पावलं वाजली की त्यांचा घास हातातच थांबायचा. पावलं पुढे निघून जायची. घरातल्या सगळ्यांत मलाच ते जेवण बघवत नसे, आणि वाढपाचं काम नेमकं माझ्याकडे आलं होतं.

आता माझा नातू डॉक्टर आहे. त्याला मी हे सगळं सांगितलं, तर त्याने मला फार सुंदर समजावलं: विश्वासाने कळ खरंच कशी कमी होते, समोरच्याचं दुखणं बघून आपल्या अंगात कसं उमटतं, सगळं. "म्हणजे मामांना लागायची ती कळ खरी होती का?" मी विचारलं. "लागायची ना? मग त्यांच्यापुरती खरीच," तो म्हणाला. हे एक वाक्य त्या दुपारी मला सुचलं असतं, तर "मनाचा खेळ" ऐवजी मी तेच बोलले असते. सुचलं नाही. माझ्या शास्त्राचं वय तेव्हा जेमतेम सहा महिने होतं.

मामा शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा मी दोन मुलांची आई झाले होते. दुपारी घर निजलेलं होतं. मी त्यांच्या अंथरुणापाशी बसले आणि इतक्या वर्षांत जे मागायचं धाडस झालं नव्हतं ते मागितलं.

"मामा, तो मंत्र मला द्या."

त्यांनी डोळे उघडले. "तुला? कशाला?"

"कुणाला तरी दिला पाहिजे ना. तुमच्याबरोबर जाईल नाहीतर."

"बायकांना देत नाहीत तो." मग थोडे हसले. "बरं, गोसावी काही बघायला येत नाही. पण तुझा विश्वास आहे का त्याच्यावर?"

"नाही," मी म्हणाले. त्यांच्याशी तिसऱ्यांदा खोटं बोलवलं नाही. "पण विश्वास ठेवीन. शपथ घेऊन सांगते, ठेवीन."

मामांना हसता हसता खोकला आला. मी पाठ चोळली. श्वास पुन्हा लागल्यावर त्यांनी माझा हात थोपटला, एखाद्या लहान मुलीची समजूत काढावी तसा.

"वेडी आहेस. ठेवीन म्हणून ठेवता आला असता, तर मीच नसता का गं ठेवला?"

आणि कूस बदलून ते भिंतीकडे तोंड करून निजले.  मी उठले आणि त्यांच्यासाठी पेज करायला चुलीकडे गेले. मला तेवढंच येत होतं.