उलटा पंखा

डहाणूतल्या त्या मेकॅनिकचं नाव मला माहीत नाही. दातांत स्क्रू धरून तो बोलायचा. माझ्या आवडत्या निळ्या कॅबिनेटमध्ये सगळा कॉम्प्युटर मीच जोडला होता, पण पंखा त्याच्याकडून घेतला म्हणून तो त्यानेच बसवायचा, हा त्याचा नियम.

"दादा, मागचा पंखा उलटा बसलाय. गरम हवा बाहेर कशी जाणार?" मी चाचरत विचारलं.

"गंजाडसारख्या खेड्यातून येऊन मला शिकवते काय?"

मी पंखा चालू करून जाळीवर वहीचा कागद धरला. कागद बाहेर उडायला हवा होता, पण तो आत ओढला जाऊन जाळीला चिकटला. त्याने पंखा काढून सुलट बसवला. मग हसून म्हणाला, "भाऊ हुशार दिसतो तुझा. चांगलं शिकवलंय."

मला भाऊ नाही. हे मी त्याला तिथेच सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही.