बिजलीचं रक्त

अकोल्याच्या ढोरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो, त्या सकाळी आमचे डॉक्टर वानखडे भर उन्हात पायी येत होते. एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हातात रक्ताची बाटली. मला वाटलं, पंक्चर असेल.

"पंक्चर कायचं? सायकलवर रक्त हिंदकळते. हिंदकळलं का नासते. मंग बसा बोंबलत."

मी पुण्याकडचा, साहेबाच्या तोंडी असलं बोलणं पचायला मला वेळ लागला. हिवरखेडच्या शेतमजुराचा हा मुलगा शिकून डॉक्टर झालेला. 'मले मालूम नाही' असं इतक्या सहज म्हणणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. लोकांना ते आवडायचं नाही.

साठ सालच्या आसपास करीमभाई टांगेवाल्याच्या बिजली घोडीच्या पायावर गाठी उठल्या, दोरीला ओळीनं माराव्यात तशा, आणि फुटून वाहू लागल्या. टांगा स्टँडवर बोभाटा झाला, घोड्यांचा शेंबा रोग आहे म्हणून. तो रोग माणसालाही धरतो, त्यामुळे अशा जनावराला गोळीच घालत. वरचे साहेब त्याच तयारीत होते. वानखडे म्हणाले, बुरशीनंही अशाच गाठी येतात, आधी रक्त तपासू. रक्त साकळलं की वर पिवळं पाणी सुटतं, तेवढंच अलगद काढून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं होतं. पण करीमभाईंना कुठला धीर! डॉक्टर फिरतीवर गेलेले पाहून त्यांनी रक्ताची बाटलीच उचलली, भावाच्या टांग्यात घातली आणि घोडं पिटाळत स्टेशनवर नेऊन पार्सल केली. उत्तर आलं, नमुना नासला.

"साब, मीच मारून टाकलं तिले," करीमभाई रडत म्हणाले.

"अजून जित्ती आहे ना? मंग रक्त बी आहे."

डॉक्टरांनी जबाबदारी स्वतःच्या नावावर लिहून देऊन गोळी थांबवली. पुन्हा रक्त काढलं, आणि या वेळी पिवळं पाणी घेऊन स्वतः स्टेशनपर्यंत चालत गेले.

"वाचन ना बिजली, साब?"

"मले मालूम नाही."

बाकी अख्ख्या गावाला तो शेंबाच हे मालूम होतं, याचीच मला चीड यायची.

अहवालात बुरशी निघाली. शेंबा नव्हता. जखमा उघडून आयोडीन भरण्यात महिने गेले, पण घोडी खडखडीत बरी झाली. तरी तिच्या टांग्यात कोणी बसेना. करीमभाई तो कागद दाखवत दिवसभर स्टँडवर उभे राहायचे आणि रिकामेच घरी जायचे.

एका बाजाराच्या दिवशी डॉक्टर बायको आणि लहानग्या मुलीला घेऊन स्टँडवर आले आणि बिजलीच्या टांग्याकडे वळले. मी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, तपासणी चुकली असली तर? लेकराला कशाला?"

"लोकायले कागद वाचता येत नाही," ते म्हणाले. "माही पोरगी त्यायले ओळखू येते."

वानखडेबाई टांग्यात चढल्या, मुलीला मांडीवर घेतलं. करीमभाईंनी लगाम हाती घेतले. टांगा कापड बाजारातून सावकाश निघाला. दुकानांतली माणसं बाहेर येऊन पाहत राहिली. बाजाराच्या टोकाला एका म्हाताऱ्या बाईनं हात केला, भाव न करता वर चढली, आणि गाठोडं मांडीवर घेऊन वानखडेबाईंना म्हणाली, "सरक वं माय थोडीशी."