'उपाशी' लिहिलेली बाटली

माणसांच्या जेवणाविषयी इतकी उदासीन आणि चिलटांच्या जेवणाविषयी इतकी दक्ष बाई साऱ्या मुलुंडात दुसरी नसेल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्राणिशास्त्राच्या बाई दुधाच्या काचेच्या बाटल्यांत चिलटं पाळीत. त्यांच्या दारात पिकल्या केळ्यांचा गोड, किंचित आंबूस वास कायम रेंगाळे; त्या स्वतः मात्र चहात बुडवलेल्या एका पावावर दिवस काढीत. केळीवाल्याला बजावत, "काळी पडलेलीच दे हं, नाहीतर पाहुणे रुसतात." एकदा जिन्यातच मला थांबवून त्यांनी समजावलं, "अगं, मादीला सकस अन्न मिळालं तर तिच्या पोटातलं बीजांड वाढतं. नाही मिळालं, तर ते थांबतं. मला तेवढंच सिद्ध करायचंय."

इमारतीत ढेकणांचं औषध मारायला त्यांच्या मजल्यापासून सुरुवात होणार होती, तेव्हा शनिवारी त्यांनी दोन बाटल्या माझ्या ओट्यावर आणून ठेवल्या. एकीवर चिठ्ठी 'पोटभर', दुसरीवर 'उपाशी'. दुसरीत नुसतं साखरपाणी. "सोमवारी सर बघायला येणार आहेत," त्या चिठ्ठ्या पुन्हा घट्ट दाबीत म्हणाल्या. "आधीचे दोन प्रयोग फसलेत. हाही फसला तर माझी पीएचडी संपली." दोन दिवस मी ओट्यापाशी श्वासही जपून घेतला.

सोमवारी सकाळी बाईंनी 'उपाशी' उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. तळाशी पांढरा गोळा होता. वास घेऊन त्या पुटपुटल्या, "आंबलेलं पीठ?"

माझ्या मालवणी सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. "आंबोळीचा पीठ. मियाच घातलंय. माझ्या घरात कोणी उपाशी ऱ्हवाचा नाय."

बाई बाटली घेऊन वर धावल्या, मागोमाग मी. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली त्यांची बारीक पाठ हलेना. पंखा करकरत होता.

"वाढलीत," अखेर त्या म्हणाल्या. "परवा थांबलेली बीजांडं वाढलीत. प्रयोग गेला गं." मग अगदी हळू, "पण मेली नव्हती. वाट पाहत होती."

दारात धापा टाकीत सासूबाई उभ्या होत्या, हातात आंबोळ्यांचं ताट. बाईंच्या खोल गेलेल्या गालांकडे बोट दाखवून त्यांनी मला दटावलं, "आणि ही तिसरी बाटली? हिका कोण वाढतला?"

बाई रडत रडत तीन आंबोळ्या जेवल्या. संध्याकाळी त्यांनी सरांपासून काहीही लपवलं नाही, आंबोळीचं पीठसुद्धा. सर हसले नाहीत. "हेही लिहून ठेवा," ते म्हणाले, "आणि पुन्हा सुरुवात करा."

पदवी मिळाल्यावर बाई दूरच्या गावी गेल्या. पुढे सासूबाईही गेल्या. अजूनही पीठ आंबलं की भांड्यावर एखादं चिलट घिरट्या घालू लागतं. त्याला हाकलायला माझा हात उठतो, आणि थांबतो.